न वाकलेले गुडघे

"खाली बघू नको. माझ्याकडं पण नको. लांब बघ," दादा म्हणाला आणि त्यानं मला उचललं.

हैदराबादच्या रिंकवर सकाळचा सराव चालू होता. रिंक म्हणजे गुळगुळीत घोटलेल्या सिमेंटचं मोठं अंगण, कडेनं लोखंडी कठडा आणि वर उंचावर पत्रे. मी दादाच्या डोक्याच्याही वर, त्याच्या दोन तळहातांवर आडवी होते. तो मला घेऊन गोल फिरत होता आणि पत्र्यांच्या फटीतून येणारे उन्हाचे पट्टे माझ्या तोंडावरून सरकत होते. मग मी खाली होते. जरा लवकरच खाली आल्यासारखं वाटलं. स्केट्स जमिनीला टेकले तरी दादानं माझी कंबर सोडली नव्हती.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"कुठं काय?"

"हेमे, माझ्याकडं बघ."

"आत्ता तर म्हणालास, माझ्याकडं बघू नको म्हणून."

एरवी अशा उत्तरावर त्यानं माझ्या वेणीला हिसका दिला असता. त्या दिवशी तो नुसता बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो काही दमल्याचा घाम वाटेना.

"परत करूया का?" मी म्हणाले. "मॅडम बघायल्यात."

"बघू देत. नको आता. पाणी पी जा."

मी पाणी प्यायला गेले. संध्याकाळी आमची अंतिम फेरी होती, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

फिगर स्केटिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं टीव्हीवरचा बर्फ येतो. आम्ही कोल्हापूरचे. आमचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. आमचं स्केटिंग चाकांचं, बुटाला चार चाकं आणि पुढं रबरी ब्रेक. बाकी सगळं तेच, त्याच गिरक्या, त्याच उड्या, तेच संगीत, तेच चकचकीत कपडे. मी आणि माझा थोरला भाऊ धैर्यशील जोडीनं खेळायचो. तो एकोणीस वर्षांचा, मी चौदाची. राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी आम्ही जिंकली होती. संध्याकाळची दुसरी जिंकली असती तर आशियाई स्पर्धेला बँकॉकला जाणारी जोडी आमची ठरणार होती. आमच्या आळीतलं बँकॉकला कुणी गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर पुण्याच्या पलीकडंही फारसं कुणी गेलं नव्हतं.

आमचे वडील आबा, म्हणजे इंगवले वस्ताद, तालमीत पोरं तयार करायचे. स्वतः मोठे पैलवान होते. त्यांची कुस्ती का थांबली हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. एका नावाजलेल्या मैदानात त्यांना आधी निरोप आला होता की आज पड, पुढच्या वर्षी तुला उभं करतो. आबा मैदानात उतरले, हात जोडले आणि लंगोटावर तसेच चालत घरी आले. त्यानंतर त्यांना मोठ्या कुस्त्या मिळाल्या नाहीत. आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. आमच्या घरात आईवरून दिलेली शिवी एकवेळ खपली असती, हा शब्द खपत नसे.

अशा माणसाची पोरं स्केटिंगला कशी गेली? तर तालमीच्या मागंच महापालिकेची बाग होती आणि बागेत रिंक होती. दादा जोर-बैठका संपवून तिकडं डोकवायला लागला आणि तिथलाच होऊन गेला. आबा आधी 'चाकावरचा तमाशा' म्हणायचे. मग एकदा त्यांनी दादाला मला डोक्यावर उचलताना बघितलं. कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले आणि घरी येताना म्हणाले, "ही तर कुस्तीच हाय की. फक्त चीत करायचं न्हाई, एवढंच." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दादाला गदा फिरवायला लावली. आई मी लहान असतानाच गेली होती. त्यामुळं मला वाढवणं म्हणजे काय, तर आबांच्या हिशेबी ते खाऊ घालणं होतं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. स्वतः चुलीपुढं बसून मटण शिजवायचे, स्वतः वाढायचे. संध्याकाळी सराव संपला की दोघांना गंगावेशीला दूधकट्ट्यावर न्यायचे. तिथं म्हशी उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळलेला पेला हातात देतात. आबा दोन पेले घ्यायचे आणि आम्ही पिताना आमच्या नरड्यांकडं बघत उभे राहायचे.

माझी पंचाईत अशी की मी वाढत होते. जोडीतल्या मुलीनं वाढायचं नसतं. बिनीवाले मॅडम, आमच्या प्रशिक्षक, लग्न होऊन पुण्याहून कोल्हापुरात आलेल्या. बाई मनानं वाईट नव्हत्या. कधी काट्यावर उभं करत नसत, कधी टाकून बोलत नसत. सराव सुरू होण्याआधी माझ्या कंबरेला दोन्ही हात लावून मला टाचांवरून जराशी उचलायच्या आणि खाली ठेवताना म्हणायच्या, "हं." बस, एवढंच. त्या एका 'हं'मध्ये मला कळायचं की या आठवड्यात काय झालंय. तो 'हं' जरा लांबला की मी रात्रीची भाकरी सोडायची. मग सकाळची सोडायला लागले.

आबांच्या डोळ्यांसमोर न जेवणं हे दिसतं तितकं अवघड नव्हतं. दादा शेजारी बसायचा. आबा रस्सा आणायला वळले की माझ्या ताटातली फोड दादाच्या ताटात. दूधकट्ट्यावर आबांना कुणी ना कुणी ओळखीचं भेटायचंच. ते बोलायला वळले की माझा पेला दादाच्या हातात, त्याचा रिकामा माझ्या हातात. "नखरे," दादा म्हणायचा आणि पिऊन टाकायचा. त्याला भूकही तशीच होती. आबा वळून दोन रिकामे पेले बघायचे आणि खूश व्हायचे.

मला स्वतःला यात काही मोठं करतेय असं वाटत नव्हतं. मला वर जायचं होतं. ज्याला कुणी कधी असं उचललं नाही त्याला ते सांगता येणार नाही. खाली दादाची चाकं खरखरत असतात, कडेनं माणसं नुसती रंगांसारखी फिरतात, आणि तुम्ही कशावरच नसता. त्यासाठी भाकरी सोडणं मला स्वस्त वाटत होतं.

त्या दुपारी हैदराबादच्या धर्मशाळेत आबांनी पिशवीतून डिंकाचे लाडू काढले. कोल्हापूरपासून मांडीवर घेऊन आले होते.

"खा," ते म्हणाले.

"जेवलोय मी, आबा."

"'जेवलेय' म्हण गं," मॅडम म्हणाल्या. आमच्याकडं मुलीही 'आलो, गेलो' बोलतात, त्याचं त्यांना कायम हसू यायचं.

"जेवलीय तर जेवलीय. वर एक लाडू जातोय की," आबा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या भरायला उठले. मी सवयीनं लाडू दादापुढं धरला.

त्यानं तो घेतला नाही.

"खा तू," तो म्हणाला.

"धर की. आबा यायलेत."

"हेमे, खा म्हणतोय न्हवं."

तो इतक्या जोरात बोलला की मॅडमनी मान वर केली. मला राग आला. संध्याकाळी मला उचलायचं त्याला होतं, आणि लाडू खा म्हणतोय मला. मी लाडू रुमालात गुंडाळला. दादानं ते बघितलं. मग तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. आबा म्हणाले, मैदानाच्या आधी पैलवान असाच गप्प होतो, त्याला छेडायचं नसतं. नंतर कळलं की तो समोरच्या टपरीवर चहा पीत बसला होता. आमच्या मागोमाग दुसऱ्या नंबरवर असलेल्या जोडीतला मुलगाही तिथंच होता.

संध्याकाळी आमचं नाव पुकारलं. मी निळा फ्रॉक घातला होता. आमच्या आत्यानं त्याची शिवण त्या वर्षात दुसऱ्यांदा उसवून लांब केली होती. संगीत सुरू झालं आणि आम्ही सुटलो. मी आयुष्यात इतकी चांगली खेळले नव्हते. गिरक्या अगदी एका जागी पडल्या. जोडउड्या दोघांच्या एकाच वेळी उतरल्या. कठड्याजवळून जाताना आबांचा आवाज आला, "वा रं वाघा!" तेही मला म्हणून नाही, दादाला म्हणून. पण आमच्यात वाटणी नव्हती, जे त्याचं ते माझंच होतं.

शेवटी मोठी लिफ्ट होती. तिच्यावरच सगळं होतं. बघणाऱ्याला वाटतं मुलगा उचलतो आणि मुलगी उचलली जाते. तसं नसतं. सुरुवात मुलाच्या गुडघ्यांतून होते. तो खाली बसतो, मुलगी उडी मारते, आणि तो उठतो तशी ती वर जाते. मुलगी उडाली नाही तर भीमालाही ती उचलता यायची नाही, आणि मुलगा बसला नाही तर मुलगी नुसतीच उडेल. दमलेला मुलगा कमी बसत नाही, जास्त बसतो, कारण हातातला जोर संपला की तो पायांतून काढावा लागतो. हे आम्हाला चालायला शिकल्यासारखं माहीत होतं.

दादानं माझ्या कंबरेला हात लावले. मी उडी मारली.

त्याचे गुडघे वाकले नाहीत. सरळ, खांबासारखे उभे. मी त्याच्या छातीपर्यंत गेले, तिथं त्याच्या डोळ्यांसमोर क्षणभर थांबले आणि खाली आले. त्यानं मला पाडलं नाही. इतकं हळू ठेवलं की माझ्या चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही. मग माझा हात धरून तो पुढं निघाला, जणू नाचात तेवढंच होतं. संगीत संपेपर्यंत आम्ही फिरत राहिलो आणि मी हसत राहिले, कारण मॅडमनी तसं शिकवलं होतं.

मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "लड़की भारी हो गई है." ते वाक्य मला अजूनही जसंच्या तसं ऐकू येतं.

आम्ही तिसरे आलो. बँकॉक टपरीवरच्या त्या मुलाच्या जोडीला गेलं.

आबा रिंकच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. ओरडले नाहीत. मला बाजूला सारलं आणि दादापुढं उभे राहिले.

"गुडघा दुखतोय?"

"नाही."

"खांदा?"

"नाही, आबा."

"मग वाकला का न्हाईस?"

दादानं बाहीनं कपाळ पुसलं.

"पोरगी वर निघाली हुती. तू घेतली न्हाईस. का?"

"जमलं नाही."

"जोर लावून जमलं न्हाई तर त्याला जमलं न्हाई म्हणत्यात. तू जोर लावलाच न्हाईस. उभा जन्म मातीत काढलाय मी, कुणाला सांगायलास?" आबांचा आवाज खाली आला. "दुपारी त्या पोरासंगं चहा पीत हुतास. म्या बघितलं. तवा वाटलं, असंल, पोरं हायत. नुरा खेळलास तू, धैर्या."

मॅडम मध्ये पडल्या. "वस्ताद, अहो, मुलगा आहे. चूक होते कधीकधी."

"चूक असती तर मी त्याला खांद्यावर बसवून कोल्हापूरला नेला असता, मॅडम. बोल रे. तोंडानं नाही म्हण. एकदा म्हण, मी ऐकतो."

मी दादाच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं फक्त नाही म्हणायचं होतं. आबांनी खरंच ऐकलं असतं, त्यांची सगळी इच्छाच ते ऐकायची होती. दादानं माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं, आणि मान खाली घातली. त्या खाली गेलेल्या मानेला आबांनी कबुली समजलं. त्यांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हाही वाटलं.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टेशनवर बसलो होतो. आबा लांबच्या बाकावर आमच्याकडं पाठ करून बसले होते. मी दादाला विचारलं, "मी जड झालो व्हय रे?"

"नाही."

"खरं सांग."

"तू जड नाहीस, हेमे. माझ्यातच दम नाही."

मला ते खोटं वाटलं. दम नसलेला माणूस गुडघे वाकवून बघतो. ज्याला उचलायचंच नसतं तो ताठ उभा राहतो. मी मनाशी धरलं की त्याला माझा कंटाळा आला, आपल्या वाढत्या बहिणीला डोक्यावर घेऊन मिरवण्याची त्याला लाज वाटायला लागली. मी पुन्हा विचारलं नाही. नको असलेल्या माणसानं किती वेळा विचारायचं?

कोल्हापुरात आल्यावर आबा त्याच्याशी बोलेनात. ताट वाढायचे, पण त्याच्या ताटाकडं बघायचे नाहीत. थोड्याच दिवसांत दादा भोसरीला एका कारखान्यात लागला. त्यानं पुन्हा स्केट्स पायात घातले नाहीत. मलाही दुसरा जोडीदार मिळाला नाही. तयार जोडीतली मुलगी, तीही उचलता न आलेली, कोण घेणार? एकटीनं खेळण्याइतक्या माझ्या उड्या मोठ्या नव्हत्या. माझं स्केटिंग हैदराबादला त्या सिमेंटवर ठेवलं गेलं ते ठेवलंच गेलं. मग मी खायला लागले. रागानं खायला लागले, आणि आबा समाधानानं वाढत राहिले.

मी पुढं शाळेत खेळाची शिक्षिका झाले, गावातच लग्न केलं. दादाचं पुण्यात लग्न झालं, आबा गेले नाहीत. दादा माझ्याकडं कधी राखीपौर्णिमेला यायचा, तोही आबा तालमीत असतील अशा वेळी. आम्ही हवापाण्याचं बोलायचो.

मग आबा विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग नावं, मग माणसं. त्यांना मी माझ्या घरी आणलं. मी त्यांच्या लेखी कधी आत्या असायची, कधी आई, बऱ्याचदा नुसती 'बाई'. एका सकाळी मी दादाला फोन केला.

"आता ये तू," मी म्हणाले. "आता ते तुला ओळखत नाहीत."

असं आमंत्रण कुणी कुणाला देऊ नये. पण तो लगेच त्या रविवारी आला.

आबा ओसरीवर खाटेवर बसले होते. दादा पाया पडला. आबांनी त्याचे खांदे दाबून बघितले, दंड चाचपले. "अंग चांगलं हाय," म्हणाले. "कुठल्या तालमीचा?"

"इथलाच," दादा म्हणाला आणि घाईनं आत स्वयंपाकघरात आला.

मी भाकरी थापत होते. माझी लेक मैथिली पानावर बसली होती, तेरा-चौदाचीच. मी भाकरी वाढायला गेले तर तिनं ताटावर हात आडवा धरला. "नको मम्मी, अर्धीच. शाळेत नाचात मला पुढं उभं करणारेत."

"वाढ तिला," दादा म्हणाला.

"अरे, जेवेल नंतर."

"हेमे, वाढ म्हणतोय तिला!"

मैथिली घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी तिला भाकरी वाढली, ती गप खाली मान घालून जेवली आणि उठून गेली. दादानं आपल्या हातांकडं बघितलं. त्यानं ते मांडीखाली घातले.

"काय झालं तुला?" मी विचारलं.

"हैदराबादला, सकाळच्या सरावात. तुला मी वर घेतलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय की. लवकर उतरवलंस."

"लवकर नाही उतरवलं. तुझी शुद्ध गेली होती."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

"हातावर माणूस असतं ना, ते आपलं आपल्याला थोडं धरून असतं. तू एकदम पोत्यासारखी झालीस. मान लोंबली. फिरत होतो मी. तुला कसंतरी छातीशी घेतलं आणि खाली आणलं, तोवर तू डोळे उघडलेस आणि मला म्हणालीस, कुठं काय."

मला उन्हाचे पट्टे आठवले. ते सरकत होते आणि मग मी खाली होते. मधलं काहीच माझ्याकडं नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते शोधलंही नव्हतं.

"डोक्यावर आली असतीस," दादा म्हणाला. "सिमेंटवर."

"मग मॅडमना सांगायचंस."

"त्यांनी नाव काढून घेतलं असतं. बरं. आणि पुढच्या वर्षी? तू आणखी कमी खाल्लं असतंस. आपली जोडी होती तोवर तू जेवणार नव्हतीस. दुपारी लाडू रुमालात बांधलास ना, तेव्हा मला कळलं. म्हटलं, जोडीच मोडली पाहिजे."

"आबांना तरी सांगायचंस. निदान टाकीपाशी. ते 'नाही म्हण' म्हणत होते तुला."

त्यानं मांडीखालचे हात बाहेर काढले. मग म्हणाला, "काय सांगू? तुमची पोरगी तुमच्या ताटावर उपाशी बसते? त्यांना खाऊ घालण्यापलीकडं काय येत होतं, हेमे? आणि तिच्या वाटणीचं कोण खातंय, हे पण सांगू? तू पेला सरकवायचीस, मी प्यायचो. तू फोड टाकायचीस, मी खायचो. मला वाटायचं पोरगी नखरे करतीय. तुझंच खाऊन मी ताकद केली आणि तुलाच उचलत होतो. त्या दिवशी मला माझे हात नकोसे झाले."

तव्यातून धूर येत होता. मी गॅस बंद केला. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

"मला विचारायचं होतंस," मी म्हणाले. "मी होतो ना वर. माझं होतं ते."

"काय म्हणाली असतीस?"

"उचल म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्यानंतर मी कुठंच, कधीच तेवढी उंच गेले नाही. हे मी त्याला सांगितलं नाही. ते त्याला माहीत होतं. त्याचं तर घरच गेलं होतं, आणि मला वाचवायला आम्ही दोघांनी मिळून हे सोडलं असं म्हणावं, तर मला कुणी विचारलंच नव्हतं. मी हात पुसले आणि ओसरीवर निघाले.

"कुठं चाललीस?"

"आबांना सांगतो."

"आता काय उपयोग?" म्हणत तो माझ्यामागं आला.

मी खाटेशेजारी खाली बसले. "आबा, हैदराबादला धैर्या नुरा खेळला नव्हता."

आबांनी माझ्याकडं बघितलं. कुठूनतरी खोलातून ते नाव वर आलं, आणि त्यांचं तोंड कडू झालं. "त्याचं नाव काढू नका, बाई. माझा थोरला तो. नुरा खेळला."

मुलगा समोर उभा होता, तो त्यांना आठवत नव्हता. नुराची ही गोष्ट तेवढी राहिली होती. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, चल म्हणून. मी उठले नाही. नावं न घेता, गोष्ट सांगावी तसं मी सगळं सांगितलं. एक मुलगी होती, तिला डोक्यावर उचलायचा तिचा भाऊ होता. ती जेवायची नाही. कुणाला माहीत नव्हतं. एकदा त्याच्या हातावरच तिची शुद्ध गेली. संध्याकाळी मोठं मैदान होतं, सगळं गाव बघत होतं, आणि त्यानं तिला उचललंच नाही. हरला. तिला वाचवायला हरला, आणि का ते कुणाला सांगितलं नाही.

आबा लक्ष देऊन ऐकत होते. जुन्या कुस्त्यांच्या हकिकती ऐकताना ऐकायचे तसे, मान एका बाजूला करून.

"पोरगी उपाशी?" ते म्हणाले. "आणि बाप काय करत हुता तिचा?"

मी वळून दादाकडं बघितलं. दादाच खाली बसला, खाटेच्या कडेला.

"बापाला माहीत नव्हतं, आबा," तो म्हणाला. "तो जीव लावून वाढायचा."

"मग त्याचा काय दोष," आबा म्हणाले. मग त्यांना हसू आलं, मनापासूनचं. "पण पोरगं वाघ म्हणायचं. भर मैदानात बहिणीसाठी पडला. सोपं न्हाई ते. बापानं पाठ थोपटली असंल की त्याची."

दादानं त्यांच्या गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं.

"थोपटली, आबा," तो म्हणाला.